श्रीलंकेच्या पार्लमेंटमधल्या २२५ खासदारांना खुलं पत्र: तुमच्याच सहकाऱ्यांच्या खुनाच्या फाइली उघडा

मा. स्पीकर आणि सर्व सदस्य,
श्रीलंकेचं पार्लमेंट, कोट्टे

नमस्कार,

हे पत्र तुमच्या राष्ट्राध्यक्षांना न लिहिता तुम्हाला लिहितोय, कारण ज्यांच्या खुनाबद्दल बोलायचंय ते तुमच्या सभागृहाचे सदस्य होते. खून झाला, शोकप्रस्ताव झाला, जागा भरली, कामकाज पुढं सुरू झालं. तुमच्याकडे अशा वेळी पोटनिवडणूक होत नाही, यादीतलं किंवा पक्षानं दिलेलं पुढचं नाव येतं आणि शपथ घेतं, त्यामुळे ती जागा रिकामी पडली होती हे फार दिवस कुणाला दिसतसुद्धा नाही. पण मतदारांनी ज्या माणसाला पाठवलं तो माणूसच मारून टाकला, तर तो गुन्हा त्याच्या घरच्यांविरुद्ध जेवढा तेवढाच त्या मतदारांविरुद्धही आहे आणि तुमच्या सभागृहाविरुद्धही आहे. म्हणून याचा पाठपुरावा तुम्ही करायला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. विधवांनी आणि मुलांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या आणि सभागृहानं बघत बसायचं, हे बरोबर नाही.

फक्त २००४ सालच्या एप्रिलमध्ये निवडून आलेलं पार्लमेंट घ्या. त्या एका सभागृहातले किमान सात सदस्य मुदत संपायच्या आत मारले गेले. परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामर, १२ ऑगस्ट २००५, कोलंबोत स्वतःच्या घरी पोहून बाहेर येताना स्नायपरनं गोळी घातली. जोसेफ परराजसिंगम, डिसेंबर २००५. नडराजा रविराज, नोव्हेंबर २००६. आणि मग २००८, त्या वर्षाबद्दल वाचताना मला खरंच सुन्न व्हायला झालं, १ जानेवारीला टी. महेश्वरन, ८ जानेवारीला मंत्री डी. एम. दासनायके, ६ मार्चला के. शिवनेसन, ६ एप्रिलला मंत्री जयराज फर्नांडोपुल्ले. शंभर दिवसांच्या आत चार खासदार! यातल्या दोन मंत्र्यांच्या खुनाचा ठपका टायगर्सवर, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईवर आहे, शिवनेसन उत्तरेकडच्या वन्नीत क्लेमोर सुरुंगानं मारले गेले आणि त्याचा आरोप टायगर्सच्या भागात आत घुसून हल्ले करणाऱ्या लष्कराच्या तुकडीवर आहे, महेश्वरन कोलंबोतल्या देवळात नवीन वर्षाची पूजा करायला गेले होते तिथं गोळ्या घातल्या. सिंहली, तमिळ, सरकारातले, विरोधातले, सगळे आले यात.

परराजसिंगम यांची केस जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी वाचकांपैकी बऱ्याच जणांना ती माहीत नसेल. सत्तरी ओलांडलेला माणूस, पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआचा, वर्षानुवर्षं तिथल्या लोकांच्या बेपत्ता माणसांबद्दल, छळाबद्दल सभागृहात बोलणारा. ख्रिसमसच्या आदल्या रात्री सेंट मेरीज कथीड्रलमध्ये मध्यरात्रीच्या प्रार्थनेला बायकोबरोबर गेले होते. कम्युनियन घेतलं आणि भरल्या चर्चमध्ये, बिशपांच्या समोर, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते गेले, पत्नी जखमी झाल्या. आजूबाजूला कडक सिक्युरिटी असलेला भाग होता, तरी मारेकरी आले तसे निघून गेले. पुढची जवळपास दहा वर्षं काहीच नाही. सरकार बदललं तेव्हा ऑक्टोबर २०१५मध्ये पिल्लयान, म्हणजे शिवनेसतुरै चंद्रकांतन यांना अटक झाली, टायगर्समधून २००४ला फुटलेल्या करुणा गटातला हा माणूस, मधल्या काळात पूर्व प्रांताचा मुख्यमंत्रीही होऊन गेलेला. ऑगस्ट २०२०मध्ये ते तुरुंगात असतानाच बट्टिकलोआतून खासदार म्हणून निवडून आले. नंतर अपील कोर्टानं आरोपींचे कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाहीत असं म्हटलं, आणि जानेवारी २०२१मध्ये अटर्नी जनरलनी केस पुढं चालवायची नाही असं सांगितलं, सगळे सुटले.

मी पिल्लयान यांना दोषी म्हणत नाहीये, ते कोर्टाचं काम आहे आणि कोर्टानं त्यांना सोडलंय. पण माझा प्रश्न तुम्हाला आहे. एका खासदाराच्या खुनाचा खटला अंगावर असलेला माणूस त्याच सभागृहात सदस्य म्हणून आला, आणि पाच-सहा महिन्यांत तो खटला सरकारी पक्षानं सोडून दिला, तेव्हा सभागृहानं अटर्नी जनरलकडून लेखी कारणं का मागितली नाहीत? बरं, कबुलीजबाब गेला तर बाकीचा पुरावा कुठाय? साक्षीदार, हत्यारं, त्या रात्री त्या भागात ड्युटीवर कोण होतं, गाड्या कुठून आल्या, कुठं गेल्या? केस फक्त कबुलीजबाबावर उभी केली असेल तर ती तशी का उभी केली, हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे. एप्रिल २०२५मध्ये पिल्लयान यांना परत अटक झाली पण ती वेगळ्या प्रकरणात, ईस्टर्न युनिव्हर्सिटीचे कुलगुरू २००६मध्ये बेपत्ता झाले त्या प्रकरणात. ती चौकशी व्हायलाच पाहिजे. पण परराजसिंगम यांची फाइल त्यामुळे उघडली जात नाही हेही लक्षात घ्या.

रविराज यांचं तर अजून वाईट वाटतं. पेशानं वकील, जाफनाचे माजी महापौर, तमिळ नॅशनल अलायन्सचे खासदार, आणि सिंहली उत्तम बोलायचे, म्हणजे टीव्हीवर जाऊन सिंहली माणसाला त्याच्याच भाषेत तमिळ माणसाचं दुःख समजावून सांगायचे. युद्धाच्या काळात अशी माणसं किती असतात? ८ नोव्हेंबर २००६ला वाकरैजवळ विस्थापितांच्या छावणीवर तोफगोळे पडले, माणसं मेली, त्याचा निषेध करायला ते कोलंबोत यूएनच्या ऑफिससमोर उभे होते, आणि १० तारखेला सकाळी घरातून गाडीनं निघाले तेव्हा मोटरसायकलवरून आलेल्यांनी भर रस्त्यात गोळ्या घातल्या. त्यांच्याबरोबर त्यांचा बॉडीगार्ड पोलिसही मारला गेला, तो सिंहली होता. स्कॉटलंड यार्डचे लोकसुद्धा मदतीला येऊन गेले. खटला उभा राहायला किती तरी वर्षं गेली, पाच आरोपी, त्यात नौदलाच्या गुप्तचर विभागातले लोक, आणि २४ डिसेंबर २०१६ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, सिंहली भाषिक ज्यूरीनं सगळ्यांना निर्दोष सोडलं. आरोपींनी अशी ज्यूरी मागितली होती आणि कायदा त्यांना तो पर्याय देतो, ते मान्य. रविराज यांच्या बाजूच्या वकिलांनी हरकत घेतली होती, ती चालली नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दोन समाजांमध्ये बोलत राहायचा प्रयत्न केला त्याच्या खुनाचा निकाल एकाच समाजातल्या ज्यूरीनं द्यावा, हे कायद्यात बसतं म्हणून न्याय्य होत नाही. घरच्यांनी अपील केलं. खून २००६चा, निकाल २०१६चा, आणि अजून न्याय नाही.

आता टायगर्सकडे येतो, आणि हे मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण तमिळ नेत्यांना न्याय म्हटलं की बरेच लोक फक्त सरकारनं केलेल्या हत्या मोजतात, आणि सरकारच्या बाजूचे लोक फक्त टायगर्सनी केलेल्या मोजतात. अप्पापिल्लै अमिर्तलिंगम, १९७७ ते १९८३ तुमच्याच सभागृहाचे विरोधी पक्षनेते, एक तमिळ नेता देशाचा विरोधी पक्षनेता होता ही केवढी मोठी गोष्ट होती. १३ जुलै १९८९ला कोलंबोतल्या घरी टायगर्सचे लोक बोलणी करायला म्हणून आले, पाहुणे म्हणून त्यांची झडतीसुद्धा घेतली नाही, चहा दिला, आणि त्यांनी अमिर्तलिंगम आणि माजी खासदार योगेश्वरन यांना तिथंच मारलं. मारेकऱ्यांना गोळ्या घालणारा ड्युटीवरचा पोलिस सिंहली होता. १९९०मध्ये बट्टिकलोआचे खासदार सॅम तंबिमुत्तू आणि त्यांची पत्नी, कोलंबोत. त्याच वर्षी जूनमध्ये ईपीआरएलएफ या दुसऱ्या तमिळ गटाचे नेते पद्मनाभा आणि त्यांचे सहकारी आमच्या चेन्नईत, त्यात जाफनाचे खासदार योगसंगरीही होते. नीलन तिरुचेल्वम, घटनातज्ज्ञ, सत्तेचं विकेंद्रीकरण करणारा घटनेचा मसुदा लिहिणाऱ्यांपैकी एक, २९ जुलै १९९९ला ऑफिसला जाताना आत्मघातकी हल्ल्यात गेले. तारीख बघा, भारत-श्रीलंका कराराला बरोबर १२ वर्षं झाली होती त्या दिवशी.

आणि जाफनाच्या महापौरांची खुर्ची. १९७५मध्ये महापौर अल्फ्रेड दुरैयप्पा देवळात गेले असताना त्यांना मारलं, मारणाऱ्यांमध्ये टायगर्सचा प्रमुख प्रभाकरन स्वतः होता. जानेवारी १९९८मध्ये बऱ्याच वर्षांनी निवडणूक झाली आणि सरोजिनी योगेश्वरन महापौर झाल्या, अमिर्तलिंगम यांच्याबरोबर मारल्या गेलेल्या योगेश्वरन यांच्याच त्या पत्नी. लष्कराचं संरक्षण त्यांनी घेतलं नाही. मे महिन्यात त्यांना घरात घुसून मारलं. त्यांच्या जागी पोन शिवपालन आले, सप्टेंबरमध्ये बॉम्बस्फोटात तेही गेले. एका वर्षात एकाच शहराचे दोन महापौर. आणि तरी त्यानंतर रविराज त्या खुर्चीत जाऊन बसले, २००१मध्ये. याला काय म्हणायचं मला कळत नाही, पण असल्या धैर्याची आठवण ठेवणं सोडाच, त्यांच्या खुनाचा धड तपाससुद्धा होत नाही याचा मनापासून राग येतो.

टायगर्सच्या केसेसबद्दल उत्तर ठरलेलं असतं, की मे २००९मध्ये मुल्लिवाय्क्कालला सगळं नेतृत्व संपलं, आता शिक्षा कुणाला करणार. पण सगळे कुठं संपले? करुणा टायगर्सच्या पूर्वेकडचा कमांडर होता, फुटून सरकारच्या बाजूला आला, २००८मध्ये खासदार झाला, २००९मध्ये मंत्री झाला. मार्च २०२५मध्ये ब्रिटननं लष्कराच्या आणि नौदलाच्या माजी प्रमुखांबरोबर त्याच्यावरही निर्बंध घातले. असे लोक आत्ता चौकशीला मिळू शकतात, कुठल्या आदेशाची साखळी कशी चालायची हे त्यांना माहीत आहे. आणि ज्यांचे मारेकरी खरंच मेले त्यांच्याही घरच्यांना, त्यांच्या मतदारांना, आदेश कुणी दिला, का दिला, आत कुणी मदत केली, हे सरकारी कागदावर लिहिलेलं मिळायला पाहिजे. महेश्वरन यांच्या केसमध्ये गोळी घालणारा पकडला गेला, २०१२मध्ये त्याला फाशीची शिक्षाही झाली. पण बजेटच्या विरोधात मत दिल्यावर त्यांची सिक्युरिटी कमी कुणी केली, का केली, या प्रश्नाचं काय? ट्रिगर ओढणारा सापडला म्हणजे फाइल बंद, असं कसं चालेल.

आता सत्ताधारी बाकांवरच्या १५९ जणांना थोडं स्पष्ट बोलतो. तुमच्या आघाडीतला मुख्य पक्ष जेव्हीपी, म्हणजे जनता विमुक्ती पेरामुना, एकेकाळी सशस्त्र बंड केलेला डावा पक्ष. १८ ऑगस्ट १९८७ला, म्हणजे राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्यानंतर वीस दिवसांनी, पार्लमेंटच्या इमारतीतच, खासदारांच्या बैठकीत ग्रेनेड फेकले गेले. खासदार कीर्ती अभयविक्रमा गेले. तुम्ही रोज ज्या इमारतीत जाता तिथंच! जेव्हीपीवर आरोप झाला, ज्याच्यावर खटला भरला तो सुटला. १६ फेब्रुवारी १९८८ला विजय कुमारतुंगा, नट आणि नेता, घरासमोर मारले गेले, तो ठपकाही जेव्हीपीच्या सशस्त्र शाखेवर. आणि पलीकडून सरकारनं हजारो जेव्हीपीवाल्यांना, नुसत्या संशयावरून तरुण पोरांना मारलं, गायब केलं, जेव्हीपीचे संस्थापक रोहन विजेवीरा यांना १९८९मध्ये ताब्यात घेतल्यानंतर मारलं. म्हणजे मारणाऱ्यांमध्येही तुम्ही होता आणि मारले गेलेल्यांमध्येही. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले अनुरा कुमार दिसानायके यांनी पक्षाचे नेते झाल्यावर २०१४मध्ये त्या काळातल्या हत्यांबद्दल माफी मागितली होती, त्याबद्दल मला आदर आहे, आमच्याकडचे किती नेते असं करतात. पण माफीनंतर चौकशी यायला हवी होती.

आणि जुन्या फाइली उघडता येतात हे तुम्हीच दाखवून दिलंय. मार्च २०२५मध्ये बटलंडा कमिशनचा अहवाल तुम्ही सभागृहात मांडला, जवळपास २५ वर्षं धूळ खात पडलेला, जेव्हीपीच्या लोकांचा छळ झालेल्या जागेबद्दलचा. फार चांगलं केलंत. मग परराजसिंगम, रविराज, शिवनेसन यांच्या फाइलींना वेगळा न्याय का? आपल्या माणसांची फाइल आधी उघडली एवढंच असेल तर मी समजू शकतो, पण मग दुसऱ्यांची फाइल कधी, ते तरी सांगा. नोव्हेंबर २०२४मध्ये जाफना जिल्ह्यानंसुद्धा तुम्हाला मतं दिली, कोलंबोतला एखादा सिंहली-बहुल पक्ष तिथं पहिला येईल असं आधी कुणी म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. त्या मतांमध्ये ही अपेक्षा होती.

तुम्ही म्हणाल, हा भारतातला माणूस आम्हाला कसं काय सांगतो. बरोबर आहे, आमचे हात स्वच्छ नाहीत. ऐंशीच्या दशकात तमिळ सशस्त्र गटांना आमच्याकडे ट्रेनिंग मिळालं, हत्यारं मिळाली. नंतर आमचीच शांतिसेना तिथं लढायला आली, हजाराहून जास्त भारतीय जवान तिथं मारले गेले, मुंबईत जन्मलेले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तिथंच वीरमरण आलं आणि परमवीर चक्र मिळालं. शांतिसेनेनं सामान्य तमिळ माणसांवर केलेल्या अत्याचारांच्या तक्रारीही आहेत, त्यांची चौकशी आम्ही केली पाहिजे, हे मी आमच्या सरकारलाही सांगतो. आणि २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरमध्ये राजीव गांधी गेले. आमच्याकडे त्या खुनाचा तपास झाला, खटला चालला, १९९८मध्ये खालच्या कोर्टानं २६ जणांना फाशी सुनावली, १९९९मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यातल्या बहुतेकांना सोडलं आणि सात जणांना दोषी धरलं, चौघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली, आणि तीस वर्षांहून जास्त काळ आत राहून ते २०२२मध्ये बाहेर आले. या निकालाच्या दोन्ही बाजूंनी आमच्याकडे लोक अजून भांडतात. पण कट कुणी रचला, कसा रचला, हे कोर्टाच्या कागदावर आहे. तुमच्या रविराज आणि परराजसिंगम यांच्याबाबतीत तेवढंही नाही.

जिनिव्हाला यूएनच्या मानवाधिकार परिषदेत २०२१ आणि २०२२मध्ये तुमच्याबद्दलच्या ठरावावर मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. मला ते पटलेलं नाही. ज्या देशानं स्वतःचा माजी पंतप्रधान या युद्धात गमावला त्यानं खून झालेल्या खासदारांच्या बाजूनं हात वर करायला पाहिजे होता.

अजून एक जुनी गोष्ट. २००६मध्ये तुमच्या सरकारनं उदलागामा कमिशन नेमलं, १६ प्रकरणं दिली, त्यात कदिरगामर आणि परराजसिंगम यांची हत्याही होती. त्यावर देखरेखीला आंतरराष्ट्रीय मान्यवरांचा गट होता आणि त्याचे अध्यक्ष होते आमचे माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती, सामान्य माणसाला जनहित याचिकेचा रस्ता मोकळा करून देणाऱ्यांपैकी एक. २००८मध्ये तो गट काम सोडून निघून गेला, सरकारची इच्छाशक्ती दिसत नाही, साक्षीदारांना संरक्षण नाही, अटर्नी जनरलचं ऑफिसच मध्ये पडतंय, असं सांगून. आज इतक्या वर्षांनी हीच तीन कारणं जशीच्या तशी लागू पडतात.

तुमचा अटर्नी जनरल सरकारचा वकीलही असतो आणि खटले चालवायचे की सोडायचे हेही तोच ठरवतो. नौदलाच्या लोकांवर, सरकारच्या मित्रपक्षाच्या नेत्यावर खटला असेल तर तो मोकळेपणानं कसा चालवणार? स्वतंत्र सरकारी अभियोक्त्याचं ऑफिस करायची चर्चा तुमच्याकडे चालू आहे, तो कायदा लवकर करा आणि खासदारांच्या हत्येच्या केसेस पहिल्यांदा त्या ऑफिसकडे द्या. पीटीए, १९७९चा तो दहशतवादविरोधी कायदा, तोही रद्द करा. मारेकऱ्यांना सोडा असं मी म्हणत नाहीये, पण कोठडीत घेतलेल्या कबुलीजबाबांवर उभी केलेली केस कोर्टात कोसळते हे परराजसिंगम यांच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलंय, त्यानं निरपराध माणूसही भरडला जातो आणि गुन्हेगारही सुटतो. साक्षीदार संरक्षणाचा कायदा तुमच्याकडे आहे पण ज्या पोलिसांबद्दल साक्ष द्यायची त्यांच्याच संरक्षणात राहायचं असेल तर कोण पुढं येणार. यूएनच्या जिनिव्हातल्या मानवाधिकार ऑफिसनं २०२१पासून पुरावे गोळा करायला सुरुवात केलीय, तुमच्या आधीच्या सरकारांनी ते नाकारलं, तुमच्या सरकारनंही बाहेरची यंत्रणा नको म्हटलंय, ठीक आहे, खटले तुमच्याच कोर्टात चालवा, पण तो पुरावा तरी मागून घ्या, वापरा.

आणि सभागृहानं स्वतःसाठी एक गोष्ट करावी. मारल्या गेलेल्या सगळ्या सदस्यांची एकच नोंदवही, कुठलाही पक्ष, कुठलाही समाज, मारणारा कुणीही असो. प्रत्येक नावापुढं तपास कुठपर्यंत आला, खटला कुठल्या कोर्टात आहे, बंद केला असेल तर कुणी आणि कोणत्या कारणानं, हे लिहा आणि दरवर्षी सभागृहासमोर ठेवा. जगातल्या पार्लमेंटांची जी आयपीयू संघटना आहे तिची मानवाधिकार समिती परराजसिंगम, रविराज, महेश्वरन, दासनायके यांच्याबद्दल कित्येक वर्षं तुमच्याकडे विचारणा करतेय, तिला तुमच्या स्पीकरच्या सहीनं नीट उत्तर द्यायला ही नोंदवही उपयोगी पडेल. परराजसिंगम यांना जाऊन २०२५च्या ख्रिसमसला २० वर्षं झाली. रविराज यांना १० नोव्हेंबर २०२६ला होतायत. त्या आठवड्यात याच विषयावर चर्चेचा प्रस्ताव आणा आणि न्यायमंत्र्यांकडून प्रत्येक केसचं उत्तर घ्या. प्रस्ताव तमिळ खासदारानं आणायची वाट बघू नका, दक्षिणेतल्या एखाद्या सिंहली खासदारानं आणला तर फार बरं होईल.

हे पत्र कुणी सिंहलीत, तमिळमध्ये किंवा इंग्रजीत नेऊन तुमच्यापर्यंत पोचवणार असेल तर त्यांना एकच विनंती, पूर्ण न्या. टायगर्सबद्दलचा भाग गाळू नका, लष्कर आणि नौदलाबद्दलचा गाळू नका, जेव्हीपीबद्दलचा गाळू नका, आणि भारताबद्दलचाही नको.

आपला,
महाराष्ट्रातला एक नागरिक